उसना पूर

गणपती तोंडावर आले की बाळकुमच्या आमच्या इमारतीत कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरातून खसखस भाजल्याचा वास येतो. तसा सौम्य, गरीब वास. पण गेल्या वर्षापासून तो आला की बाबांच्या खोलीत शिरायच्या आत मी धावत जाऊन खिडकी लावून घेते. शेजारीण म्हणते, "अगं, एवढ्या उकाड्यात खिडकी कसली लावतेस?" आता तिला काय सांगू, कपाळ!

खसखशीशी माझी ओळख स्वयंपाकघरात नाही झाली, ठाण्याच्या कॉलेजात झाली. प्राचीन युद्धं शिकवणारे आमचे एक सर होते. ते सांगत, रोमचा एक राजपुत्र फितुराचं सोंग घेऊन शत्रूच्या गावात शिरला, सगळ्यांचा विश्वासू झाला आणि पुढे काय करू असं विचारायला त्याने बापाकडे माणूस धाडला. बाप बागेत फिरत होता. तोंडातून शब्द न काढता तो हातातल्या काठीने खसखशीची उंच उंच बोंडं उडवत राहिला. निरोप्याला काही उमगलं नाही, मुलाला बरोबर उमगलं. त्याने गावातली मोठी माणसं एकेक करून संपवली आणि गाव न लढता पडलं. आम्ही श्वास रोखून ऐकायचो, आणि सर मिश्कील हसून म्हणायचे, "उसनं आहे रे सगळं!" हीच गोष्ट ग्रीकांकडे आधीपासून होती, तिथे बोंडांऐवजी गव्हाच्या ओंब्या होत्या. आपण ते गाव कसं घेतलं हे रोमकरांना धड आठवत नव्हतं, म्हणून त्या रिकाम्या जागेत त्यांनी शेजाऱ्याची गोष्ट आणून बसवली. "गोष्टीला ज्याचा काडीचा उपयोग नाही असा तपशील शोधा," सर म्हणायचे, "खरं असलंच तर तिथे असतं." मला त्याची चटकच लागली. पुढे मीही हेच शिकवू लागले, आणि सासरच्या पूर्वजांच्या पराक्रमांची चिरफाड करून भरपूर बोलणीही खाल्ली.

एक गोष्ट मात्र मी कधी तपासायला घेतली नाही. आईची. मी तीन वर्षांची असताना मोहन्याला नदीचं पाणी आमच्या कॉलनीत शिरलं. बाबा सांगायचे, आईने मला त्यांच्या हातात दिलं, "हिला धरा, मी आलेच" म्हणाली, आणि शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना आणायला परत गेली. ती आलीच नाही. मला आईचा चेहरा आठवत नाही, ही गोष्ट तेवढी आहे. तिच्यावरच मी वाढले.

गेल्या वर्षी डोंबिवलीत एका साखरपुड्याला बाबांचे कॉलनीतले जुने मित्र भेटले. पुराच्या आधीच ते कॉलनी सोडून गेलेले. जेवता जेवता ते आपल्या मावशीबद्दल बोलू लागले. गावच्या पुरात तिने मूल नवऱ्याच्या हातात दिलं, "मी आलेच" म्हणाली, आणि खिळलेल्या सासूला आणायला परत गेली. मी विचारलं, "काका, हे कधीचं?" "अगं, तुझ्या जन्माच्याही आधीचं. तुझ्या बाबांना कट्ट्यावर कितीदा सांगितलंय मी!"

त्यानंतरचे महिने मी नुसती भीतीत काढले. बाबांना हल्ली वार आठवत नाहीत, नातवाला ते स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारतात. आता विचारलं नाही तर कधीच कळणार नाही, आणि विचारलं तर होती तीही आई जाईल. आयुष्यभर लोकांच्या गोष्टी उसवल्या, पण बापापुढे तोंड उघडायची हिंमत होईना.

विचारावं लागलंच नाही. गणपतीच्या आधी कुणीतरी खसखस भाजत होतं, आणि चहा पिता पिता बाबा एकदम म्हणाले, "वाटी राहिली गं फळीवर."

"कसली वाटी, बाबा?"

"खसखशीची. करंज्यांना आणलेली. म्हटलं, जाऊ दे ती, पाणी वाढतंय. तर म्हणते कशी, एवढी महागाची भिजून जाईल, मी आलेच." आणि ते हमसून हमसून रडायला लागले.

गोष्टीला काडीचा उपयोग नसलेला तपशील समोर होता. वाटीभर खसखशीसाठी माझी आई गेली. तीन वर्षांच्या पोरीला हे सांगवेना, म्हणून त्या माणसाने कट्ट्यावरून एक म्हातारी उसनी आणली, तिला अंथरुणावर निजवलं आणि आईला परत जायला कारण दिलं. रोममध्येही असा कुणी बाप असेल का, हे सरांना विचारायचं राहून गेलं.

आता बाबा अधूनमधून घाबरून विचारतात, "तुझी आई कुठे गेली गं?" मी त्यांचा हात धरते. "शेजारच्या आजींना आणायला गेली, बाबा. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"हां," ते म्हणतात, "तशीच होती ती." आणि शांत होतात. तेवढ्यात कुणाच्या तरी कढईतून तो वास येऊ लागतो, आणि मी खिडकीकडे धावते.