सुईखालची भाषा

गळिताचा हंगाम सुरू झाला की कराडच्या हवेत मळीचा एक आंबूस, जडसर गोडवा पसरतो आणि सकाळच्या कोवळ्या उन्हाबरोबर तो माझ्या टॅटू स्टुडिओचा जिना चढून वर येतो. वर त्याची गाठ पडते ती स्पिरिटच्या वासाशी. एक गंध शेतातून आलेला, दुसरा दवाखान्यातून. दोघांचं आजवर कधी पटलेलं नाही, आणि त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून मी बसलेली असते. बेकरीच्या माडीवरच्या दोन खोल्या हे माझं साम्राज्य आणि दोन कलावंत ही माझी प्रजा. दोनच का, असं कुणी विचारलं की मला हसू येतं. ज्याने दोन कलावंत सांभाळले आहेत तो असला प्रश्न विचारत नाही.

मला स्वतःला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पूर्वी याच जागेत माझं ब्युटी पार्लर होतं. मेंदी उडून जाते म्हणून गिऱ्हाईक परत येतं, इतकं साधं माझं अर्थशास्त्र. पण कॉलेजातल्या पोरांना न पुसलं जाणारं काहीतरी हवं होतं. प्रेम टिको न टिको, मनगटावरचं नाव टिकलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मग मी सुया आणल्या, आणि सुयांपाठोपाठ समीर आला. कराडातल्याच एका बांगडीवाल्यांच्या घरचा हा मुलगा. हात देवाने दिलेला आणि जिभेला धार बहुधा त्याने स्वतःच लावलेली.

माझ्या राज्यात कायदे दोनच. पहिला असा की नव्या कलावंताने पहिली सुई माझ्या डाव्या पोटरीवर चालवायची, मगच गिऱ्हाइकाच्या कातडीला हात लावायचा. त्यामुळे नेसत्या साडीच्या आत एक लहानसं प्राणिसंग्रहालय मी गेली काही वर्षं बाळगून आहे. तिथे समीरचा विंचू आहे, ज्याला माझा भाचा कोळंबी म्हणतो. त्याच्यानंतर आलेल्या एका मुलाचा गरुड आहे. तो मुलगा आता पुण्यात नावाजला आहे, पण गरुडाची कोंबडी झाली ती झालीच. दुसरा कायदा भाषेचा. सुईखाली निजलेल्या माणसाला शब्दांचा तरी मऊ स्पर्श हवा, या विचाराने मी शुद्ध बोलण्याचा दंडक घातला होता. ‘सर, किंचित वेदना होतील, कृपया हालचाल करू नये,’ हे वाक्य मी स्वतः घडवलं आहे आणि त्याचा मला फार अभिमान होता. समीरने या कायद्यातून आपल्यापुरती पळवाट काढली. तो गिऱ्हाइकाशी बोलायचाच नाही, नुसता हाताने खुणा करायचा.

आणि मग दिवाळीनंतरच्या निवांत दिवसांत सानिका आली. रहिमतपूरजवळच्या गावातली, निवृत्त सुभेदारांची मुलगी. तिच्या कागदावरच्या रेषेत हरिणी पळत, मोर पिसारा झटकत, आणि सरावाच्या रबरी कातडीवर तिने काढलेला नंदी बघायला समीरसुद्धा हातातलं काम सोडून आला. पण जिवंत माणूस समोर आला की हिचा हात थरथरू लागे. माझ्या पोटरीवर सुई चालवायला तर तिने साफ नकार दिला. वडीलधाऱ्यांच्या पायाला हात लावायचा तो नमस्काराला, टोचायला नव्हे, असं तिचं म्हणणं. मी आपली भोळी. कायदा वाकवला आणि तिला बारीकसारीक कामं देऊन बघितलं. ती गिऱ्हाइकासमोर उभी राही, माझं वाक्य अडखळत का होईना पूर्ण म्हणे, सुई उचले, आणि ती सुई कातडीपाशी पोचण्याआधीच वाऱ्यावरच्या पानागत हलू लागे. मग समीर उठायचा, तिच्या हातातून मशिन काढून घ्यायचा आणि काम पुरं करायचा.

हात थरथरण्यावर माणसं जे जे सुचवतात ते सगळं मी तिच्यावर करून पाहिलं. चहा बंद केला, भिजवलेले बदाम सुरू केले, खिडकीपाशी बसवून दीर्घ श्वास घ्यायला लावले. बदाम समीरने खाल्ले. थरथर होती तिथेच होती. इकडे सुभेदारांनी मुलीला संक्रांतीपर्यंतची मुदत दिलेली. तोवर हात बसला नाही तर साताऱ्यात बँकेच्या परीक्षेचा क्लास, हा त्यांचा शेवटचा शब्द, आणि फौजेतल्या माणसाचा शेवटचा शब्द शेवटचाच असतो. तिकडे समीर मला म्हणाला, “ताई, दोन खुर्च्यांवर मी एकटा किती दिस बसू? पुण्यासनं फोन येत्यात मला. ती तरी शिकंल, न्हाईतर मी तरी जाईन.” त्याचं चूक नव्हतं. तिचंही नव्हतं. अशा वेळी चूक कुणाची तरी असावी असं फार वाटतं, म्हणजे निदान ओरडता तरी येतं.

सोमवारी आमची सुट्टी. त्या सोमवारी मी दोघांनाही बोलावलं, पदर खोचला, पलंगावर आडवी झाले आणि सानिकाला सांगितलं की आज एकतर माझ्या पायावर काहीतरी काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी खरंच तसं करणार होते आणि ते मला तिला कळू द्यायचं होतं. समीर चहाचा कप घेऊन कोपऱ्यात परीक्षकासारखा बसला. खिडकीतून आलेलं पौषातलं ऊन पोटरीवरच्या कोंबडीला सोन्याची करून गेलं. सानिकाने आधी माझ्या पावलांना नमस्कार केला, मग हातमोजे चढवले, आणि शाळेतली प्रार्थना म्हणावी तशा स्वरात म्हणाली, “मॅडम, किंचित वेदना होतील.” पुढचं तिला आठवेना. सुई मात्र न विसरता थरथरत होती.

ती थरथरती सुई पोटरी सोडून नेमकी नडगीच्या हाडावर उतरली. वेदना किंचित नव्हती. माझा पाय उडाला आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी घडवलेल्या कुठल्याच वाक्यात बसणारं नव्हतं. “आगं आये, मेले की गं! हाड हाय त्ये, हाड!”

सानिकाने चमकून वर पाहिलं. पण क्षणभरच. दुसऱ्या क्षणी, दाव्याला हिसका देणारं वासरू दाबून धरावं तसा तिने माझा घोटा डाव्या हाताने पलंगावर दाबला आणि माझ्यावर डाफरली, “आवं मग पाय कशाला हालवताय? गप पडा की जरा. एवढीशी सुई सोसंना व्हय तुमास्नी?”

आणि तिचा हात थांबला. म्हणजे थरथरायचा थांबला. रेषा अशी धावू लागली, जणू पोटरीवरून कुणी थंड पाण्याची धार सोडावी. तोंडही सुटलं होतं: बापाचा हट्ट, एसटीची गर्दी, समीरभाऊचा सदा चढलेला पारा, ‘लय दमवलंय तुमी सगळ्यांनी मला,’ सगळं ती बोलत होती आणि बोलता बोलता काढत होती. माझी आसवं गळत होती, थोडी दुखण्याची आणि बरीचशी हसण्याची. ज्या वाक्याचा मला एवढा अभिमान, तेच तिच्या हातावर धोंड होऊन बसलं होतं. बिचारीचा सगळा जीव जीभ सांभाळण्यात जाई आणि हाताच्या वाट्याला काही उरत नसे. बदाम काय करणार होते?

काम संपल्यावर समीर उठून आला, वाकला, पोटरी निरखली आणि म्हणाला, “शेळी हाय.” कोळंबी आणि कोंबडीच्या शेजारी प्रथमच एक प्राणी आपल्या मूळ रूपात अवतरला होता. ती सानिकाच्या घरची शेळी होती, तुटक्या कानासकट. यापेक्षा मोठी दाद समीरने अजून कुणाला दिलेली नाही.

पाय पुसता पुसता सानिकाने मला विचारलं, “मॅडम, तुमी मूळच्या कुठल्या वं?” हा प्रश्न मला नेहमी येतो आणि मी नेहमी ‘वाईची’ म्हणते, वाई म्हटलं की घाट, देवळं, विद्वान माणसं, सारं आपोआप येतं आणि पुढे कुणी विचारत नाही. त्या दिवशी मी खरं गाव सांगितलं. वाईच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात, एसटी जिथे माघारी वळते तिथलं. तिला ते ऐकूनही ठाऊक नव्हतं.

संक्रांत आली आणि गेली. सुभेदारांनी क्लासचा विषय पुन्हा काढला नाही, समीरही पुण्याला गेला नाही. हल्ली आमच्याकडे दंडावर हनुमान काढून घ्यायला आलेले सव्वाशे किलोचे पैलवान सुईखाली हुंदके देतात आणि वीतभर सानिका त्यांना म्हणते, “रडतूस काय गड्या, तालमीत काय शिकलास मग?” पैलवान डोळे पुसून दंड पुढे करतात. भाषेचा कायदा मी रद्द केला आहे.

पण त्या सोमवारचं अजून थोडं राहिलं. मी रोज दिवेलागणीला आईला फोन करते. जेवलीस का, औषध घेतलंस का, प्रकृती कशी आहे. ती ‘व्हय, व्हय, बरी हाय’ म्हणते आणि आमचा फोन संपतो. त्या संध्याकाळी पाय ठणकत होता, जिभेवर दुपारचीच बोली रेंगाळत होती, आणि मी म्हणून गेले, “आये, काय करतीस गं?”

पलीकडून सावध आवाजात तिने विचारलं, “कोन बोलतंय?”

“मी गं. तुजीच पोरगी.”

“काय झालं? बरी हायस न्हवं तू?”

काही झालं नाही, हे तिला पटवायला वेळ लागला. पटल्यावर मात्र ती बोलू लागली. पावसाळ्यात ती अंगणात पडली होती, मांडीचं दुखणं अजून गेलेलं नाही, म्हैस विकली, शेजारची काकू तिच्याशी भांडून आता पुन्हा बोलू लागली आहे. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं तर म्हणाली, “तू फोनवर मास्तरणीवानी बोलतीस. मला मेलीला जमत न्हाई तुज्यासंगं तसं बोलाय.” इतकी वर्षं मी समजत होते की आईला फोनवर बोलायची आवड नाही. फोन तापला तसा मी तो दुसऱ्या कानाला लावला आणि म्हटलं, “बरं, मग? म्हशीचं काय झालं म्हनं?”