बोट दाखवा

रविवारी सकाळी चहा झाला की आम्ही दोघं खाली गाडीपाशी जायचो. मी बॉनेट उघडायचो आणि बायको प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पुठ्ठा वाचायची. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर तिनं स्वतःच्या अक्षरात गाडीची तपासणी लिहून काढली होती. ऑइल, पाणी, बॅटरी, पंख्याचा पट्टा, ब्रेक ऑइल, चाकांना आतून ओल, हवा, दिवे. सगळ्यात खाली माझा चष्मा आणि माझी बीपीची गोळी. मी चौथीतनं शाळा सोडली, ती सातवीपर्यंत गेलेली. त्यामुळं वाचायचं काम तिचं, हात काळे करायचं माझं.

गाडी जुनी आहे. पूर्वी टॅक्सीला असायची ना, गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगला असलेली, तसली. आमची पांढरी. भोसरीत ज्या कारखान्यात मी फिटर होतो, तिथल्या साहेबांची होती. ते गाव सोडून गेले, गाडी माझ्याकडं आली. असली गाडी दर आठवड्याला बघावीच लागते. नवीन गाडी काय बिघडलं ते स्वतः सांगते म्हणे, ही गप बसते आणि रस्त्यात दगा देते.

बायकोला ही यादी करायची बुद्धी माझ्यामुळंच झाली. कारखान्यात प्रत्येक मशिनला चेकशीट टांगलेली असायची. शिफ्ट सुरू झाली की एकेक गोष्ट बघायची आणि टिक मारायची. आम्ही काय करायचो, सोमवारीच शनिवारपर्यंतच्या टिका मारून मोकळे! एकदा जेवताना मी हे हसत हसत तिला सांगितलं. ती हसली नाही.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, "ऑइल हाय."

"बोट दाखवा."

"अगं, हाय म्हणतोय ना."

"सोमवारी शनिवारची टिक मारणारा माणूस तुम्ही. बोट दाखवा."

तेव्हापासून तोच नियम. इंजिनातनं ऑइल मोजायची पट्टी ओढायची, बोटाला ऑइल लावायचं, तिला दाखवायचं. चाकाच्या आतल्या बाजूनं हात फिरवायचा, कोरडा आहे का ते दाखवायचं. शेजारचे म्हणायचे, काका, मावशी तुमची इन्स्पेक्टर आहे का? मी म्हणायचो, आहे, आणि लाच पण खात नाही.

गेल्या वर्षी ती गेली. किडनीचं दुखणं होतं. दवाखान्यात येणं-जाणं याच गाडीतनं व्हायचं. ती गेल्यावर मी गाडीवर कव्हर टाकलं आणि बरेच महिने काढलं नाही. काढून करू काय? शेजारची सीट रिकामी बघवत नव्हती. तिनं पाठीला लावायला घेतलेली उशी अजून तिथंच आहे. ती हलवायची नाही असं मी घरात सांगून ठेवलंय.

मग एके दिवशी सून म्हणाली, "मामा, उद्या बसचा काही भरवसा नाही म्हणतात. मला भोसरीला सोडता का?" ती तिथं एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. बायको गेल्यापासून मला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. जेवा, झोपा, गोळी घ्या, एवढंच. मला बरं वाटलं. मी कव्हर काढलं, गाडी धुतली, बॅटरी चार्ज करून आणली, पुठ्ठा हातात घेतला. अक्षरं जुळवत वाचलं आणि माझं मीच उत्तर दिलं. ऑइल, हाय. पाणी, हाय. ओल, न्हाई. विचारणारं कुणी नसलं की माणूस स्वतःला लगेच हो म्हणतो. चाकाला मी हात लावलाच नाही.

सकाळी सून मागच्या सीटवर बसली. दिघीतनं निघालो, उतारावर पुढं बस थांबली होती. मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. काहीच लागलं नाही. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, गाडी दुभाजकाला घासत घासत नेली. बसच्या मागं वीतभर अंतरावर थांबली. गाडी उभी राहून राहून चाकातलं ब्रेकचं रबर वाळलं होतं, ब्रेक ऑइल तिथनं गळून गेलं होतं. हात फिरवला असता तर ओला झाला असता.

सून उतरली, रिक्षा केली, गेली. 

संध्याकाळी मुलगा बोलला, आणि त्याचं चुकलं नाही. "अण्णा, आज दोघंही गेला असता. गाडी विकायची." त्यानं गिऱ्हाईकसुद्धा बघितलं. पिंपळे सौदागरचा एक माणूस जुन्या गाड्या लग्नाच्या फोटोसाठी भाड्यानं देतो. ब्रेक दुरुस्त करून घेतला, रविवारी तो बघायला येणार ठरलं. मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? पण रात्रंदिवस डोक्यात ती उशी. घरात तिच्या फोटोला हार घातलाय, तरी मला ती फोटोत दिसत नाही. त्या सीटवर दिसते. गाडी गेली की तेवढंही गेलं.

रविवारी मुलाला पहिली शिफ्ट होती. सून खाली आली. एका हातात पुठ्ठा, गाडीची चावी कमरेला खोचलेली. स्टूल ओढून बसली.

"उघडा बॉनेट."

"कशाला? गिऱ्हाईक बघून घेईल."

"उघडा हो मामा. ऑइल?"

"हाय."

"बोट दाखवा."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. ती म्हणाली, "काय बघताय? वर गॅलरीत कपडे वाळत घालताना दर रविवारी ऐकायचे मी. त्या दिवशी गाडी थांबवलीत ती बघितली. चालवता येते तुम्हाला. तपासता येत नाही. दाखवा बोट."

मी दाखवलं. पाणी झालं, पट्टा झाला. चाकाशी वाकलो, कंबर कुरकुरली, आतनं हात फिरवून तिच्यासमोर धरला. कोरडा. तेवढ्यात गिऱ्हाईक मोटारसायकलवरनं आला. गाडीभोवती फिरला, मोबाइलवर फोटो काढले, सीटवरची उशी उचलायला हात घातला.

"ती ठेवा तिथंच," सून म्हणाली. "आमचं काम चालू आहे."

तो बाजूला उभा राहिला.

"चष्मा?" तिनं विचारलं.

"हाय."

"कुठाय?"

मी खिसा चाचपला. नाकाला हात लावला. चष्मा वर टीव्हीपाशी राहिला होता.

"मग पट्टीवरची ऑइलची खूण कशी दिसली तुम्हाला?"

मी बोटावरचं ऑइल फडक्याला पुसलं. 

"वर जाऊन घेऊन या. परत पहिल्यापासून."

बायको असती तरी हेच म्हणाली असती, फक्त आवाज चढवून. मी जिना चढायला लागलो. मागनं गिऱ्हाइकाचा आवाज आला, "वहिनी, अजून किती वेळ लागेल?"

"तुम्ही थांबू नका," सून म्हणाली. "आमचं हे दर रविवारी असतं. आमच्या ह्यांना मी सांगते घरी."