मायकेल तांडेलाने ऐकलेला होकार

उत्तन गावच्या मायकेल तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाला, राजकारणाचा भारी कंटाळा. मत द्यायचा, बोटावरची शाई बायकोला दाखवायचा आणि पुढे पाच वर्षं त्या मंडळींचं नावही काढायचा नाही. असा माणूस डिसेंबरातल्या भरदुपारी बोंबील वाळत घालायचे सोडून संसदेचं चॅनेल लावून बसला, तेव्हा त्याच्या बायकोला, कॉनीला, आधी हसूच आलं. मग कारण आठवलं आणि ती मुकाट्याने एकटीच बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडीकडे निघून गेली.

कारण म्हणजे एल्रॉय, त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाच्या बोटीवर काही हंगाम काढून तो फौजेत भरती झाला होता. यंदा त्याची पलटण निळी टोपी घालून, शांतिसेना म्हणून, आफ्रिकेतल्या एका देशात गेली होती. दुसऱ्यांच्या भांडणात मध्ये उभं राहायचं आणि आपण होऊन कोणावर हात उचलायचा नाही, असलं ते काम. अहो, दोन दारुडे भांडत असले तरी मध्ये पडणाऱ्याचंच डोकं आधी फुटतं! नोव्हेंबरात तिथे पुन्हा लढाई पेटली. एल्रॉय फोनवर सगळं ठीक हाय म्हणायचा आणि मागे काही धडाडलं की जनरेटर हाय म्हणून सांगायचा. कॉनी बापडी त्यावर विश्वास ठेवायची. मायकेलचं आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेलं होतं, तो काय ओळखणार नव्हता? पण तोही बोलायचा नाही. नाताळला पोराची रजा मंजूर होती, त्या एका रजेवर दोघांचे दिवस चालले होते.

तेवढ्यात बातमी आली की सरकारच्या वाढीव खर्चावर संसदेत चर्चा आहे आणि त्यात कोणी एक खासदार शांतिसेनेतल्या आपल्या जवानांना परत बोलवा म्हणून विषय काढणार आहे. झालं! मायकेलने टीव्हीसमोर ठाण मांडलं.

आधी निघालं देशाचं कर्ज. एकाने सांगितलं, डोक्यावर डोंगर झालाय. दुसरा म्हणाला, जगात सगळ्यांच्याच डोक्यावर आहे, आपला त्यातल्या त्यात बरा. मग आर्थिक सुधारणा निघाल्या. त्या कोणी आणल्या, कोणी अडवल्या आणि त्यांनी कोणाचं भलं झालं यावर जी जुंपली ती जुंपली. मायकेलला हिंदी चांगलं समजायचं, इंग्रजी अर्धंमुर्धं, आणि या लोकांचं हिंदीही अर्धंच कळत होतं. समोर चहा निवून गेला. शेवटी तो खासदार उभा राहिला. देश कर्जात असताना परक्या मुलखातल्या शांततेवर खर्च कशाला, असं त्याचं म्हणणं. लगेच पलीकडून आवाज उठले की हा देशाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. एक बाजू खर्चावर बोलली, दुसरी इभ्रतीवर. तिथे उन्हात उभ्या असलेल्या पोरांविषयी एक शब्द कोणी काढील तर शपथ. मायकेलला राग आला, पण त्याने तो गिळला. कशाच्या का नावाने होईना, पोर घरी आलं म्हणजे पावलं.

संध्याकाळी अध्यक्षांनी विचारलं, बाजूने असणाऱ्यांनी हो म्हणा. सभागृह गरजलं, हो. विरोधातले क्षीण आवाज आले. हो म्हणणारे जिंकले, असं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि सगळे उठले.

आता इथे मायकेल चुकला, आणि ती चूक उत्तनचा कोळीच करू जाणे. गावात जमात, म्हणजे कोळ्यांची पंचायत, बसते ती चर्चच्या आवारात. वादळाची खबर असो नाहीतर जाळ्यावरून तंटा असो, आधी इकडचं तिकडचं निघालं तरी एका बैठकीत निकाल एकाच विषयाचा. जो शेवटी निघाला त्यावर पाटील विचारतो, लोक होय म्हणतात, आणि उठल्यावर त्यात फिरवाफिरव नाही. मायकेलला वाटलं, दिल्लीची जमात ती, जरा मोठी इतकंच. शेवटी विषय पोरांचा निघाला, लोक हो म्हणाले, पोरं परत येणार. तो होकार खर्चाच्या मागण्यांना होता, आणि पोरांच्या विषयावर कोणी मत विचारलंच नव्हतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

त्याने लगेच एल्रॉयला फोन लावला. म्हणाला, दिल्लीत निकाल झालाय, तुम्हाला सगळ्यांना परत आणतायत, आता रजा फुकट घालवू नकोस. नाताळला येऊ नकोस, सगळ्यांबरोबर एकदाच ये, मग चांगला महिनाभर घरी राहा. एल्रॉय म्हणाला, आमच्याकडे तर काहीच खबर नाही. मायकेलचा आवाज चढला. बोटीवर तांडेलाने एकदा सांगितलं की खलाशी पुन्हा विचारत नाही, आणि हे पोर त्याच्याच बोटीवर तयार झालं होतं. बरं डॅडी, एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी मायकेलने पेपर आणून एक एक ओळ वाचली. खर्च मंजूर झाल्याची बातमी होती. जवानांचा विषय नुसता निघाला होता आणि तसाच राहिला होता. त्याने फोन हातात घेतला. पण काय सांगणार? सारा जन्म ज्याने वारा ओळखला, त्याला टीव्हीवरचा एक होकार ओळखता आला नाही, हे पोराला सांगायचं? जीभ रेटेना. रजा महिन्याभराने घेतली तर काय बिघडतं, असं त्याने स्वतःला समजावलं आणि फोन ठेवून दिला. कॉनीला सांगितलं की वरून रजा रद्द झाली. कॉनीने दिल्लीवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि हा ऐकत राहिला.

नाताळच्या आठवड्यात एल्रॉयच्या चौकीवर हल्ला झाला.

पेटी आली, झेंडा आला, बंदुकीच्या फैरी झाल्या. चर्चमागच्या दफनभूमीत माती लोटली गेली. भेटायला येईल त्याला कॉनी एकच सांगायची, माझ्या पोराची रजा त्यांनी खाल्ली. कर्ज मोजत बसले आणि माझं पोर विसरले. त्या शिव्यांवरच ती उभी होती, नाहीतर कधीच कोसळली असती. मायकेल घरात नुसता वावरायचा. जेवायला वाढलं की जेवायचा, न वाढलं तर आठवण करायचा नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी एक जवान दारात उभा राहिला. दशरथ, साताऱ्याकडचा, एल्रॉयच्याच पलटणीतला. त्याने एल्रॉयचं घड्याळ आणि रोझरी कॉनीच्या हातात दिली आणि वाकून मायकेलच्या पाया पडला. उठला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते.

"काका, माझ्या बायकोचं बाळंतपण अवघड होतं. मला रजा मिळत नव्हती," तो म्हणाला. "एल्रॉयने त्याची मला दिली. डॅडींनी थांबायला सांगितलंय म्हणाला. तुम्ही सांगितलं नसतं तर माझी बायको आणि मुलगी दोघी गेल्या असत्या. देवासारखे धावलात तुम्ही."

कॉनीने आत जाऊन भात लावला, बोंबील तळले, दशरथला पोटभर वाढलं, मुलीची चौकशी केली. रिक्षापर्यंत सोडायलाही गेली. परत आली आणि मायकेलसमोर जमिनीवर बसली.

"तू सांगितलंस त्याला?"

"होय."

"मग रजा रद्द झाली नव्हती."

"न्हाय."

कॉनीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मायकेलला सोसला असता.

"दोन महिने मी दिल्लीला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "आता कोणाला घालू, सांग."

आणि ती खरोखरच उत्तराची वाट बघत बसून राहिली.