दौलतजंगाची माफी

आमच्या सांगलीकडच्या गावातल्या राजमतीआक्का पर्युषण कडक पाळतात आणि उरलेलं वर्ष रहस्यकथा वाचतात. त्या कथा लिहिणारा सुकुमार चौगुले गावातलाच, त्यामुळं त्याचा महाखलनायक दौलतजंग आक्कांना घरचाच वाटायचा. वीस वर्षं त्यानं गुप्तहेर जयकरला नुसतं नाचवलं. यंदाच्या पुस्तकात सुकुमारनं दौलतजंगाला न्हाणीघरात पाय घसरवून मारला.

क्षमावाणीच्या दिवशी जैन मंदिरात सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. आक्कांनी बांध कोरणाऱ्या दिरालासुद्धा क्षमा केली. ते बघायला मी मुद्दाम पुढं सरकलो होतो. मग सुकुमार हात जोडून आला. आक्कांनी आपले हात पदराखाली घेतले.

"तुला न्हाई. एवढ्या डोक्याचा माणूस साबणावरनं घसरून मारतोस व्हय रं?"

"आक्का, थकलो. आधी चोराचं डोकं चालवायचं, मग त्याला धरायला त्याच्याहून जास्त चालवायचं."

"मग जयकरला मारायचास. तसले ढीगभर मिळतील. आता त्यो काय कोंबडीचोर धरत हिंडणार?"

सुनेनं कोपरानं ढोसलं, पंडितजींनी समजावलं. आक्का ढिम्म.

"त्याच्या तोडीचा दुसरा आण, तवा बघू," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

सगळ्या गावादेखत सुकुमारचं तोंड लालबुंद झालं होतं. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "आता रं?"

आक्कांच्या पाठीकडं बघत तो दात आवळून म्हणाला, "घावला दुसरा. ह्या वक्ताला बाई हाय, आणि ती कुणाला माफ करत न्हाई."