प्रीचर मामा

माझं इंग्रजी चांगलं आहे, हे सोलापुरात फक्त मला माहीत आहे.

मोडनिंबचे आमचे मामा कीर्तनकार. आमच्या सोसायटीत त्यांचं पहिलंच कीर्तन होतं. बॅनरवर नुसतं ‘कीर्तनकार’ मला मिळमिळीत वाटलं. म्हटलं, “मामा, ‘प्रीचर’ लिहू! मूळ लॅटिन शब्द. अर्थ, लोकांपुढे जाहीरपणे सांगणारा.”

“व्हय? मी बी तेच करतो की!” मामा खूश.

नवी पेठेतल्या बॅनरवाल्याला मी फोनवरच मजकूर सांगितला. त्याने मोबाइलवर नमुना पाठवला. मी चष्म्याशिवाय पाहिला आणि ऐटीत अंगठा पाठवला. (हाच तो घातक अंगठा!)

संध्याकाळी गेटवर भला मोठा बॅनर झळकला: ‘मोडनिंबचे प्रख्यात प्रेशर! सर्वांनी मोफत लाभ घ्यावा.’

मामांनी वीणा गळ्यात घालेपर्यंत रांग लागली. कुणाच्या हातात रिपोर्टांची फाइल, कुणाच्या गोळ्यांचा डबा! पहिल्याच आजींनी बाही वर सारली.

“म्हाराज, डावा देऊ का उजवा?”

“माऊली, मी हात बघत न्हाय!”

“मग प्रेशर काय तोंड बघून सांगता?”

मागून आवाज आला, “उपाशीपोटी यायचं होतं का हो?”

मी घामाघूम! शेवटी बायको धावत जाऊन शेजारच्या शाहीनताईंना घेऊन आली. त्या निवृत्त नर्स. यंत्र घेऊन बसल्या आणि रांग शांत झाली. एक आजोबा अडून बसले. “आदी म्हाराजांचं बगा, मग माजं!”

मामांनी हसत हात पुढे केला. आकडा पाहून शाहीनताईंनी यंत्र झटकलं, पुन्हा लावलं.

“मामा, डोकं दुखतं का?”

“लई दिवस झालं. उन्हाचं आसंल.”

“कीर्तन राहू द्या. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला!”

मी धावत जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षात मामांनीच मला धीर दिला.

डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत. अजून अंगावर काढलं असतं, तर अवघड होतं.”

मामांना दोन दिवस ठेवून घेतलं. शाहीनताईंच्या मी पाया पडायला गेलो, तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

मामा आता ठणठणीत आहेत. गोळी चुकवत नाहीत आणि कीर्तनात मला मुद्दाम उभं करतात.

“मंडळी, ह्यो माजा भाचा. ह्येचं इंग्रजी कच्चं, म्हणून तुमचा म्हाराज जित्ता!”

टाळ्यांचा कडकडाट होतो. मीही हात जोडतो. एवढ्या टाळ्या मला एम. ए. झाल्यावरही मिळाल्या नव्हत्या!