चौथी खुर्ची

फळ्यावर लिहायच्या मार्करचा उग्र वास आला की मला वसईतल्या वटार गावाजवळच्या शाळेतला माझ्या लेकीचा वर्ग आठवतो. खिडकीबाहेर केळीची वाडी होती आणि आत तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, मुख्याध्यापिकांना, विशेष शिक्षिकेला आणि मला. लेकीला फार कमी दिसतं, म्हणून वर्षभर तिला कसं शिकवायचं, कुठे कसली मदत द्यायची, याचा आराखडा त्या दुपारी ठरणार होता, आणि ती स्वतः मात्र दाराबाहेर चपलांपाशी उभी होती. "मुलांना यात बसवत नाही आम्ही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मग हे चाललंय कोणासाठी?" असं विचारून मी सरळ शेजारच्या वर्गातून खुर्ची ओढत आणली आणि तिला बसवलं. विशेष शिक्षिकेने वाचायला सुरुवात केली: पुस्तकं मोठ्या अक्षरांत, परीक्षेला जादा वेळ, जागा पहिल्या बाकावर. आम्ही माना डोलावल्या. "पहिला बाक नको," लेक म्हणाली. "तिथून फळा नुसता चकाकतो. तिकडे भिंतीजवळच्या तिसऱ्या बाकावरून मला माझ्या छोट्या दुर्बिणीतून अक्षरं दिसतात." विशेष शिक्षिका उठल्या, पहिल्या बाकावर जाऊन बसल्या, फळ्याकडे बघून त्यांनी डोळे बारीक केले आणि परत येऊन ती ओळ खोडली. आता वसईतले ओळखीचे पालक अशा बैठकीला मला सोबत नेतात आणि वाटेत विचारतात, काय काय मागायचं? मी सांगते, ते आत गेल्यावर बघू, आधी एक खुर्ची जास्त मागा.