बत्तीस किलोमीटर आणि एक कुलूप

लांब पल्ल्याचं धावताना मन शांत होतं असं जे सांगतात, त्यांना मला एकदा समोर बसवून विचारायचंय. माझं मन दुसऱ्या किलोमीटरपासून भांडायला लागतं. फूटपाथवर मांडलेल्या फ्रिजशी, उलट्या बाजूने येणाऱ्या टेम्पोशी, गटारावरच्या गायब झाकणाशी. दहाव्या किलोमीटरपर्यंत डोक्यात अख्खं पत्रक तयार असतं, मथळ्यासकट. घरी पोहोचेपर्यंत त्यातलं एक वाक्य आठवत नाही, फक्त उद्गारचिन्हं उरलेली असतात.

पत्रकं लिहिणं हेच माझं काम. पगार नाही, पण काम आहे. आम्ही पाच जण. भाईंदरच्या केबिन रोडवर संध्याकाळच्या गर्दीत उभं राहून वाटतो. लोक घेतात, दहा पावलांवर टाकतात आणि त्यांच्यावरूनच चालत आम्ही परत येतो. पाणी कधी येणार, दिवे का बंद, रस्ता कितव्यांदा खोदला. खरं सांगायचं तर आम्ही सुरू केलेली एकही मोहीम शेवटपर्यंत गेलेली नाही. निवेदन देतो, फोटो काढतो, मग पुढचा खड्डा. म्हणून मला फुल मॅरेथॉन धावायची होती. दोन वर्षं हाफ धावले होते. हाफ म्हणजे अर्धं, आणि अर्ध्या गोष्टी माझ्याकडे भरपूर होत्या. जिचा शेवट रस्त्यावर रंगाने आखलेला आहे अशी एक तरी गोष्ट मला पुरी करायची होती.

मध्ये आडवे होते काका.

काका म्हणजे आमच्या धावणाऱ्यांच्या गटाचे म्होरके. मूळचे रायगडकडचे, नोकरीतून निवृत्त, साठी उलटलेली, आणि चढावर आम्हाला मागे टाकून वर गाणं म्हणणारे. गटात सहा जण, त्यात मुलगी मी एकटी. काकांचा नियम असा की स्पर्धेआधी एकदा तरी सलग बत्तीस किलोमीटर धावून दाखवायचं.

"बत्तीस नाही तर फुल नाही," ते म्हणायचे. "गुपचूप हाफमध्ये नाव बदलून घ्यायचं. हॉस्पिटलात केळी घेऊन यायला मला वेळ नाही."

आमचा रस्ता ठरलेला. मी भाईंदर पूर्वेच्या माझ्या सोसायटीच्या फाटकातून पहाटे पाचला निघायचे, पूल ओलांडून पश्चिमेला बाकीच्यांना गाठायचे, आणि मग उत्तनची, समुद्राकडची वाट. दोन्ही बाजूंना मिठागरं, मग गावं, मग चढ, मग वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. शेवटच्या चढाच्या माथ्यावर सोळा किलोमीटर भरतात. तिथून मागे फिरायचं.

ह्या रस्त्यावर इतक्या पहाटे दुकान उघडं नसतं, म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळी पाणी पेरतो. आमचाच शब्द आहे तो. दोघांनी स्कूटरवरून जायचं आणि बाटल्या लपवत यायचं. बसस्टॉपच्या बाकाखाली, मिठाच्या ढिगावरच्या प्लास्टिकखाली, रस्त्याकडेच्या क्रुसाच्या चौथऱ्यामागे. प्रत्येकाच्या बाटलीवर त्याची खूण आणि खाली मार्करने 'औषध'. औषध लिहिलं की कोणी उचलत नाही.

पाणी पेरायला मी सगळ्यांत पुढे. प्यायला मात्र मी नव्हतेच.

कारण साधं आहे. प्यायलं की जावं लागतं. गटातल्या पुरुषांना अख्खी खाडी मोकळी. एक जण मागे राहिला की बाकीचे वेग कमी करतात, कोणी काही विचारत नाही. मी मागे राहून कुठे जाऊ? खारफुटीत? चिखलात? रस्त्यावरून डंपर जात असतात, मासळीचे टेम्पो जात असतात. वाटेत एका कोळीवाड्याच्या तोंडाशी महिलांचं शौचालय आहे. दारावर ठेकेदाराच्या नावाची पाटी, खाली गुलाबी रंगात पदर घेतलेल्या बाईचं चित्र, आणि त्या बाईच्या नाकावर कुलूप. जाताना बघितलं, येताना बघितलं, कुलूपच.

आईला ह्यात काहीच विशेष वाटायचं नाही. तिने मुंबईत नोकरी केली ती सगळी वर्षं सकाळचा चहा अर्धा कप आणि ऑफिसात पोहोचेपर्यंत पाण्याला स्पर्श नाही. मी बूट घालायला बसले की ती झोपेतून उठून यायची आणि सांगायची, "पाणी बेतानं पी हो. रस्त्यात सोय नाही." मायेनं सांगायची. मीही मायेनं ऐकायचे.

आणि मी गप्प होते का? छे! मी पत्रक काढलं होतं. मथळा: 'कुलूप तोडा!!!' खाली 'महिलांची कुचंबणा', 'मूलभूत हक्क', 'निद्रिस्त यंत्रणा', सगळं. ठेकेदाराला धारेवर धरलं होतं. 'मला लागते आणि मला जागा नाही' असं मात्र त्यात एका ओळीतही नव्हतं. महिला म्हणजे कोणीतरी दुसऱ्या. शिवाय कुलूप कोळीवाड्यात आणि पत्रकं वाटली आम्ही केबिन रोडवर, कारण तिथे गर्दी असते आणि घरी चालत जाता येतं. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पहिल्या बत्तीसला मी सत्तावीसवर पडले. पंचविसाव्याला बोटं सुजली, सव्विसाव्याला जीभ टाळूला चिकटली, सत्ताविसाव्याला पिंडरीत असा गोळा आला की मी मिठागराच्या बांधावर आडवी झाले. डोळ्यांपुढे पांढरं. मीठ की चक्कर, कळेना. काकांनी रिक्षा थांबवली, मला आत कोंबलं आणि विचारलं, "पाणी किती प्यायलीस?"

"दोन बाटल्या."

पत्रकात सत्याचा आग्रह धरणाऱ्या मुलीने इतक्या सहज खोटं सांगितलं.

पुढच्या शनिवारी पाणी पेरायला काका आणि मी. मिठाच्या ढिगावरचं प्लास्टिक त्यांनी उचललं. खाली गेल्या रविवारची माझी बाटली, झाकणाचं सील तसंच.

"हे काय?"

"पाणी."

"ते दिसतंय मला. क्रुसामागे पण अशीच सापडली. दोन प्यायलीस म्हणालीस ना?"

मी इकडेतिकडे बघितलं. मग म्हटलं, जाऊ दे. "काका, प्यायलं की जावं लागतं. आणि जायला जागा नाही."

काका मिठाच्या ढिगाकडे बघायला लागले. "मग तसं... बोलायचं ना."

"कोणाला? तुम्हा पाच जणांना? पळता पळता?"

"बरं, ऐक. उद्या तू तिकडेच धाव. केबिन रोड, स्टेशन, तुझी सोसायटी. चार किलोमीटरची फेरी, आठ वेळा. घर जवळ राहील."

"म्हणजे तुम्हाला समुद्र आणि मी घाण्याला जुंपलेली?"

"अगं, मी तुझी सोय बघतोय."

"मला सोय नको. मला हाच रस्ता पाहिजे."

"मग ह्याच रस्त्यावर पाणी पी!" काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. "सोमवारी नाव बदलायची मुदत संपते. उद्या बत्तीस झाले नाहीत तर मी स्वतः तुझं नाव हाफमध्ये टाकणार. आणि बाटली भरलेली सापडली तर बत्तीस झाले तरी टाकणार."

त्या रविवारी मी प्यायले. बाकाखालची प्यायले, ढिगाखालची प्यायले, क्रुसामागची अर्धी. अंग हलकं होतं, पाय ऐकत होते. पहिल्यांदा कळलं की हा चढ मुळात एवढा वाईट नाही. थोडा वेळ, मोजून पाच-सहा मिनिटं असेल, मी कोणाशीच भांडत नव्हते. खाली होड्यांवरचे दिवे होते, वारा पाठीवर होता, बस्स.

मग पोटात कळ आली. माथा दोनशे मीटर राहिला होता आणि मी तिथूनच मागे फिरले. काका वरून ओरडले, "अगं माथा!" मी हात हलवला. उतारावरचं प्रत्येक पाऊल ओटीपोटात वाजत होतं. कोळीवाड्याच्या तोंडाशी आले तर गुलाबी बाई आणि तिच्या नाकावरचं कुलूप. मी दारावर हात आपटला. शिव्या दिल्या, मराठीत आणि हिंदीत.

"काय गो पोरी, कुत्रा लागलाय काय पाठी?"

शेजारी ओट्यावर एक कोळीण मासळीची टोपली मांडून टेम्पोची वाट बघत बसली होती. वयाने माझ्या आईएवढी, गळ्यात क्रूस, तोंडात मिश्री.

"मावशी, हे उघडत का नाहीत? ठेकेदार कुठे राहतो?"

"ठेकेदाराला काय करतेस? चावी माझेकडं हाय." तिने कमरेच्या पिशवीतून चावी काढली आणि परत मुठीत धरली. "आधी बादली भर."

"काय?"

"चावी घेनाऱ्यानं बादली भरायची. आतमदी पानी न्हाय. नल थय हाय, होडीजवल. चावी घे, जा, मग बादली भरून ठेव दुसरीसाठी. बरा, तुला घाई दिसते. तू आधी जा, मागून भर. पलू नको हां!"

मी गेले. आतून जागा स्वच्छ होती, फरशी घासलेली, कोपऱ्यात निळी बादली. बाहेर आले तेव्हा मला जग आवडायला लागलं होतं, आणि लगेच परत राग आला.

"पण कुलूप कशाला, मावशी? उघडं ठेवा ना. सार्वजनिक आहे."

"उघडा व्हता तवा बापये दारू पिऊन घान करून जायचे. बायांनी किती दिवस काढायची? ठेकेदाराला सांगितला, आला न्हाय. मग आमी वर्गनी काढून आमचा कुलूप घातला. पाली लावल्या धुवायच्या, आज एकीची, उद्या दुसरीची." ती थांबली. "मागं बाजारात भाजीवालीनं मला मेथी बांधून दिली कागदात. त्यावर लिवलेला, कुलूप तोडा. माझे नातीनं वाचून दाखवला. कोन गाढव हाय गो तो?"

माझ्या हातात बादली होती. "मी," म्हटलं.

ती इतकी हसली की मिश्री सांडली. "तू? मंग दोन बादल्या भर."

नळ होडीजवळ म्हणजे चांगला लांब होता. नळाला तोटी नव्हती, चिंधी बांधलेली होती, धार करंगळीएवढी. अठरा किलोमीटर धावलेले पाय उभे राहिल्यावर थरथरतात, त्या पायांवर मी दोन खेपा केल्या. दरम्यान माथ्यावर एकमेकांसाठी थांबलेले काका आणि बाकीचे चौघे रस्त्यावरून गेले. त्यांनी मला बादली घेऊन चालताना बघितलं आणि काय समजावं ते न कळून पुढे गेले. मला लाज वाटली की संताप, सांगता येणार नाही. चार बायकांनी कमरेला चावी बांधून चालवायचं आणि दारावर पाटी ठेकेदाराची! पण माझा मथळाही त्याच बायकांचं दार तोडायला निघाला होता.

उरलेले चौदा किलोमीटर मी एकटीने काढले. क्रुसामागची उरलेली अर्धी आणि परतीसाठी वेगळं पेरलेलं पाणी, सगळं प्यायले. सत्तावीस आलं, तो बांध आला, मी त्याच्याकडे बघितलं नाही. तिसाव्याला पुलावर चढताना माझे खांदे पायांपेक्षा जास्त दुखत होते. सोसायटीच्या फाटकाशी घड्याळ बघितलं तर एकतीस आणि सहाशे मीटर. तो न गाठलेला माथा, जातानाचे दोनशे आणि येतानाचे दोनशे.

मी कंपाउंडमध्ये शिरले आणि पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जा-ये करायला लागले. वॉचमन खुर्चीतून उठला. "मॅडम, कुछ गिर गया क्या?"

"चारसौ मीटर," मी म्हटलं. तो बिचारा खाली वाकून शोधायला लागला.

शेवटची फेरी चालू असताना काका स्कूटरवरून आले, मागच्या सीटवर गटातला एक जण. मी थांबले. काकांनी माझं मनगट धरून घड्याळ बघितलं.

"बत्तीस. पण मध्ये बावीस मिनिटं थांबलंय. सलग म्हटलं होतं मी."

बाल्कनीत आई उभी होती. वॉचमन होता. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ दात घासत खिडकीत आले होते. मी हळू बोलायचा विचारही केला नाही.

"लघवीला गेले होते. सहा मिनिटं. बाकीची सोळा मिनिटं पुढच्या बाईसाठी पाणी भरत होते. पाण्याच्या बाटल्या सगळ्या रिकाम्या आहेत, जाऊन बघा."

मागच्या सीटवरच्याला अचानक बुटाच्या नाड्यांत फार रस वाटायला लागला. काकांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाले, "बादली केवढी होती?"

"वीस लिटरची. दोन."

"उचलून चाललीस?"

"मग काय लोळवत नेली?"

"हं." त्यांनी स्कूटर वळवली. "नाव नाही बदलत. आणि पुढच्या रविवारी त्या बाईला विचार, आम्ही पण भरली तर चालेल का."

फुल झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. थोड्या थोड्या अंतरावर पाणी होतं, हात पुढे करून मुलं उभी होती, आणि पाण्यामागे शौचालयांच्या तात्पुरत्या खोल्या रांगेने, आत पाणी, साबण, सगळं. एका दिवसासाठी जमतं तर. बेचाळीस किलोमीटर मी हेच बघत धावले आणि चरफडत धावले.

नवं पत्रक मी त्या मावशीसमोर ओट्यावर बसून लिहिलं. मथळा तिने सांगितला: 'नळाला तोटी बसवा.' उद्गारचिन्ह घालू का विचारलं तर म्हणाली, त्यानं पानी येत असेल तर घाल. पहिलं वाक्य 'मला' ह्या शब्दाने सुरू केलं. ह्या वेळी वाटलं ते कोळीवाड्यात.

तोटी अजून बसलेली नाही. चिंधी मात्र आम्ही नवीन बांधली. दर रविवारी सहा जण तिथे थांबतो, चावी मी घेते, बादल्या सगळे भरतात. आणि शनिवारी पाणी पेरताना काका माझी बाटली हलवून बघतात, गेल्या वेळची रिकामी आहे ना.